निळे सर

आमच्या पहूर पेठेतल्या मतदान केंद्रावर एका निवडणुकीत रांग चांगलीच खोळंबली. त्याला कुठलाही पक्ष जबाबदार नव्हता, केमिस्ट्री जबाबदार होती. सरांनी शाई लावून घ्यायला डावा हात पुढे केला, तर तर्जनी आधीच निळी. टेबलामागच्या बाई थबकल्या. "तुमचं मतदान झालेलं दिसतंय," म्हणाल्या.

संपलं. सरांना कोणी विषय काढून दिला की ते त्याचं सोनं केल्याशिवाय सोडत नाहीत.

"मॅडम, हा मेथिलीन ब्लू. बाटलीचं बूच निघेना, तेव्हा लागला. तुमच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते उजेडात काळं पडतं. आमचा निळा रंग उजेडात उडतो. म्हणजे बघा, उजेड तोच, पण…"

"सर, बटन दाबा ना भो!" मागून आरोळी आली. "ऊन लागू राह्यलं इथं!"

ऊन म्हटल्यावर सर मागे वळले, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो ना! काय सुंदर ऊन आहे!" ही शाई 1962 पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते, हे सांगतच ते केंद्राबाहेर पडले. त्या दिवसापासून गावात ते निळे सर झाले. आडनाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय.

असे सर आमच्याकडेच आहेत असं नाही. चोपडा, अमळनेर, शिरपूर, चाळीसगाव, जिथं म्हणून सायन्स कॉलेज आहे तिथं एक तरी फोटोकॅटॅलिस्टवाला सापडतोच. ओळखायला सोपा. बोट निळं असलं तर मेथिलीन ब्लूवाला, नारिंगी असलं तर मिथाइल ऑरेंजवाला, गुलाबी असलं तर ऱ्होडामिनवाला. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी झाकणाच्या बारक्या प्लास्टिकच्या नळ्या. मोबाइलमध्ये पोरांच्या वाढदिवसाचे चार फोटो आणि बीकरचे चारशे. आणि पुण्या-मुंबईत कोणाचाही भाचा-पुतण्या शिकायला गेल्याचं कळलं की पहिला प्रश्न: "त्यांच्याकडे एक्सआरडीचं यंत्र आहे का? माझं एकच सॅम्पल आहे." एक म्हणजे सहा, हे भाच्याला नळ्या हातात पडल्यावर कळतं.

माझं कृषी केंद्र सरांच्या घराला लागून आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, सर असतात. त्यामुळे खतं आणि कीटकनाशकं विकता विकता माझंही अर्धवट शिक्षण झालंय. सरांचा हा फोटोकॅटॅलिस्टचा विषय एका वाक्यात सांगा म्हटलं तर ते पाऊण तास घेतात, म्हणून मीच सांगतो. टायटॅनियम डायऑक्साइड नावाची एक पांढरी भुकटी असते, भिंतीच्या रंगात असते तीच. तिच्यावर उजेड पडला की आतला इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते, तिला होल म्हणायचं. हे दोघं भुकटीच्या पृष्ठभागापर्यंत पोचले तर पाण्यातल्या रंगाचे, औषधांचे, माझ्या दुकानातल्या कीटकनाशकांचेसुद्धा तुकडे पाडतात. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं की टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड टाकून पाण्याचेच हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढता येतात. पुढच्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि अर्धं जग या भुकटीच्या मागं लागलं. सर त्यांना 'आपले फुजिशिमा' म्हणतात. होंडांना नुसतं होंडा म्हणतात, कारण 'आपले होंडा' म्हटलं की लोक मोटारसायकलचं ॲव्हरेज विचारतात.

अडचण अशी की या भुकटीला लागतो अतिनील उजेड, आणि तो उन्हात असतो जेमतेम चार-पाच टक्के. दुसरी अडचण मोठी: इलेक्ट्रॉन आणि होल पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत, वाटेतच भेटून पुन्हा एक होतात आणि उजेडाची नुसती उष्णता होते. त्यावर उपाय म्हणजे कंपोझिट. एका अर्धवाहकाला दुसरा अर्धवाहक जोडायचा. हे सर कसं समजावतात ते ऐकण्यासारखं आहे.

"पहूर पेठ आणि पहूर कसबे. नाव एक, ग्रामपंचायती दोन. पोरगा आणि पोरगी दोघं पेठेतच राहिली तर दिवसभर गप्पा मारत बसतात, अभ्यास शून्य. पोराला कसब्यात धाडला, की पोरगी पेठेत अभ्यास करते, पोरगा कसब्यात. हे झालं हेटरोजंक्शन!"

"आणि रस्ताच धड नसला तर?" मी एकदा विचारलं.

सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमच्या रस्त्याला इतकी शास्त्रीय दाद कधी मिळाली नव्हती. "तोच तर इंटरफेस! दोन भुकट्या खलात घोटल्या म्हणजे कंपोझिट होत नाही. जोड चांगला पाहिजे. नाहीतर पोरगा निघतो आणि खड्ड्यात बसतो."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या तात्यांनी मान वर केली. "अन् पेठेतला उनाड पोरगा अन् कसब्यातली उनाड पोरगी रस्त्यात भेटले तं?"

"तात्या, तुम्ही झेड-स्कीम सांगितली!" सर उठून उभेच राहिले. "उनाड ते एकमेकांत खपले, हुशार ते दोन्ही गावांत शिल्लक राहिले. तेच आपल्याला पाहिजे!" तात्यांना आपण काय सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही, पण तेव्हापासून ते दुकानात माझ्या खुर्चीवर बसतात.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की आख्खा खान्देश उन्हाला शिव्या घालतो. जळगाव जिल्ह्यात त्या दिवसांत एकच माणूस आनंदात असतो. दुपारी एक वाजता डोक्याला रुमाल गुंडाळून सर गच्चीवर बीकरांपाशी उभे असतात. खाली रस्त्यावर कुत्रंही नसतं. "ऊन वाया चाललंय," ते कळवळून म्हणतात. एवढं फुकटचं ऊन सोडून परदेशातले लोक झेनॉनचे दिवे लावून प्रयोग करतात, याची त्यांना कीव येते. मात्र पेपर पाठवायचा म्हणजे दिवाच लागतो, कारण उन्हात ढग येतो आणि परीक्षक ढग मान्य करत नाही. मग सर कॉलेजात दिवा लावतात, आणि वीज जाते.

वीज गेल्यावर चिडत नाही असा माणूस मी तेवढा एकच पाहिलाय, अर्थात दिवा लावायच्या आधी गेली तर. कारण त्यांच्या प्रयोगात आधी अर्धा तास अंधार लागतोच. भुकटी रंगाच्या पाण्यात टाकली की काही रंग तिला नुसताच चिकटतो. तो चिकटून संपला की मग उजेड सुरू करायचा, नाहीतर चिकटलेला रंगही आपण उडवला असं खोटं श्रेय मिळतं. हा अर्धा तासाचा अंधार सरांच्या अंगात इतका भिनलाय की घरातला कुठलाही प्रश्न ते आधी अंधारात ठेवतात. पोरानं मोटारसायकल मागितली: "अर्धा तास थांब." भावकीत बांधावरून भांडण झालं, दोन्ही बाजू सरांकडे न्यायाला आल्या: "अर्धा तास कोणी काही बोलू नका." बोलले नाहीत. अर्ध्या तासानं एक बाजू जेवायला निघून गेली. बांध अजून तिथंच आहे, पण भांडण बरंच उतरलं.

सरांच्या आई, आम्ही सगळे त्यांना मोठ्या माय म्हणतो, त्यांचं या संशोधनात एक मोलाचं योगदान आहे. सरांनी घरी आणून ठेवलेली मेथिलीन ब्लूची बाटली मायनं नीळ समजून सरांच्या वडिलांच्या, आप्पांच्या, पांढऱ्या धोतरांना घातली. धोतरं निघाली आकाशाच्या रंगाची. आप्पांनी ती नेसायला साफ नकार दिला. मायनं रागानं धोतरं गच्चीवर नेऊन टाकली आणि विसरली. काही दिवसांनी पाहते तर उघड्यावरचा भाग फिका, घडीतला निळाच. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "बरं झालं, उडतोय रंग." सर मात्र घडी उलगडून बघत उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. भुकटी नाही, काही नाही, नुसत्या उन्हानंच रंग उडतो! म्हणजे आपल्या बीकरमध्ये जो रंग गेला त्यातला भुकटीनं किती घालवला आणि उन्हानं किती?

त्या दिवसापासून सर ब्लँक घ्यायला लागले, म्हणजे भुकटी न घालता तेच पाणी त्याच उन्हात ठेवायचं. आणि हा ब्लँक माझ्या धंद्याच्या मुळावर आला. एक कंपनीचा माणूस कापसाचं टॉनिक घेऊन दुकानात आला होता. चार शेतकरी जमले होते. एका फवारणीत बोंडं दुप्पट, असं तो मोबाइलवर फोटो दाखवून सांगत होता. सर कोपऱ्यातून म्हणाले, "ज्या ओळींना मारलं नाही त्यांचा फोटो?"

"सर, सगळ्याच ओळींना मारलं."

"मग कळलं कसं?"

टॉनिकवाला माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. शेतकऱ्यांपैकी एक हळूच म्हणाला, "दोन ओळी सोडून मारून पाहू ना भो." खोकं तसंच परत गेलं. सरांवर मी दोन दिवस रुसलो होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडच्या युरियाच्या गोणीकडे अशा प्रेमानं पाहिलं की रुसवा टिकला नाही.

युरियाची गोष्ट अशी. टायटॅनियमला जोडायला दुसरा अर्धवाहक पाहिजे होता, उन्हातला दिसणारा उजेडही पकडणारा. 2009 पासून जगभर गाजलेला एक पिवळट पदार्थ आहे, कार्बन नायट्राइड. त्यात महागाचा धातूच नाही, आणि तो चक्क युरिया झाकणाच्या मुशीत साडेपाचशे अंशांपर्यंत तापवून करता येतो! पंचेचाळीस किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, त्यातून जागतिक दर्जाचं संशोधन! सर हुरळले. शेती करणाऱ्या भावाच्या घरून दोन मुठी युरिया आणला आणि कॉलेजच्या भट्टीत ठेवला. अमोनियाचा असा भपकारा सुटला की शेजारच्या खोलीतलं इतिहासाचं लेक्चर पानिपतावरच थांबलं. एवढं होऊन मुशीत निघाली चिमूटभर भुकटी, तीही कळकट. आपल्याकडचा युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला असतो, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला भट्टी पेटल्यावर आठवलं. मग त्यांनी पदरच्या पैशानं लॅबचा शुद्ध युरिया मागवला. एका बाटलीची किंमत ऐकून त्यांचा भाऊ म्हणाला, "एवढ्यात माही केळी जोपासली असती."

भुकटी झाली की तिचा प्रवास सुरू होतो. आमच्या भागात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दर कोसावर नाहीत. सरांची पीएच.डी. जळगावच्या विद्यापीठातली, 1990 साली निघालेलं ते विद्यापीठ आता कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावानं ओळखलं जातं, आणि ते नाव घेताना सरांची मान ताठ होते. तिथं काही चाचण्या होतात, बाकीच्यांसाठी नळ्या पुण्या-मुंबईला जातात. पूर्वी पाचोऱ्याला जायला पीजे होती, आमची नॅरोगेज. करोनात ती थांबली. आता सगळा भार एसटीवर. एकदा नाकाबंदीत हवालदारानं सरांची पिशवी उघडली. आत छोट्या पुड्या, पुड्यांत पांढरी पूड, वर लिहिलेलं: 'टी-सी 5%', 'टी-सी 10%', 'जुना माल, पाचव्यांदा वापरलेला'. त्या शेवटच्या ओळीनं घात केला. हवालदारानं सरांना खाली उतरवलं. सरांनी इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली. एसटीतले प्रवासी आधी कुरकुरले, मग ऐकायला लागले. सर झेड-स्कीमपर्यंत पोचल्यावर हवालदारानंच हात जोडले आणि पिशवी सन्मानानं सीटवर नेऊन ठेवली.

'पाचव्यांदा वापरलेला' हेच सरांचं खरं वेड. पहिल्या फेरीत कोणतीही भुकटी चमकते. छापून येणाऱ्या पेपरांत तर सगळ्यांचाच रंग नव्वद टक्क्यांच्या वर उडालेला असतो, सरांच्याही. पण तीच भुकटी धुऊन, वाळवून पुन्हा टाकली तर? पुन्हा? पाचव्यांदा? इथं भल्याभल्यांची गाडी रुळावरून उतरते. झिंक ऑक्साइड उजेडात हळूहळू विरघळतं. कॅडमियम सल्फाइडचं दुखणं आणखी वाईट: त्याच्यात तयार झालेले होल रंग खायचे सोडून त्याच्याच सल्फाइडला खातात आणि कॅडमियम पाण्यात उतरतं. सरांची पहिली दोन वर्षं याच कॅडमियमच्या कंपोझिटमध्ये गेली. पिवळीधमक भुकटी, पहिल्या फेरीत पाणी काचेसारखं. पाचवीत निम्म्यानंही जमेना. "तीन फेऱ्या दाखवा, पुरे आहे," असा सल्ला मिळाला होता. सरांनी पाणी तपासायला पाठवलं, त्यात कॅडमियम निघालं, आणि त्यांनी ते सगळं काम बंद केलं.

"पाण्यातला रंग काढायचा आणि विष सोडायचं, मग धुतलं काय?" एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी ते पाऊण तास बोलले नाहीत, आणि दुकानात मला करमेना.

नंतर त्यांनी भुकटीला कार्बनचा पातळ थर देऊन पाहिला, जोड पक्का व्हावा म्हणून बंद भांड्यात एकशे ऐंशी अंशांवर बारा-बारा तास शिजवून पाहिलं. भारनियमनामुळे बाराचे कधी नऊ झाले. सरांनी त्या नऊ तासांच्या भुकटीलाही नंबर देऊन बाटलीत ठेवलंय, न जाणो. दर फेरीला भुकटी धुताना थोडी वाहून जाते, आणि मग काम मंदावलं ते भुकटी थकली म्हणून की कमी झाली म्हणून, हे कळत नाही. हा हिशेब जुळवण्यासाठी सर गाळणकागदावरचा कण न् कण गोळा करतात. वहिनींचा तोंडाला पावडर लावायचा ब्रश त्यातच गेला. हल्ली त्यांनी कंपोझिटमध्ये लोहयुक्त फेराइट घातलंय, म्हणजे भुकटी चुंबकानं ओढून घेता येते. चुंबक आमच्या गणेश मंडळाच्या फुटक्या लाउडस्पीकरमधला आहे. मंडळाला अजून पत्ता नाही.

घरात नवीन काहीही आलं, मिक्सर असो, कुकर असो, की सर म्हणतात, "पाचवी फेरी होऊ द्या, मग बोलू." थोरल्या मेव्हण्याच्या मुलीला स्थळ सांगून आलं. पोरगा देखणा, नोकरी बरी, पहिल्याच भेटीत सगळे खूश. सर म्हणाले, "अजून चारदा भेटा." वहिनी ताडकन म्हणाल्या, "आपल्या वेळी एकदाच भेटून हो म्हणालात!"

"तेव्हा माझी पीएच.डी. झाली नव्हती," सर म्हणाले, आणि मग संध्याकाळचा स्वयंपाक त्यांनाच करावा लागला. वांग्याचं भरीत चांगलं करतात, हे मान्य केलं पाहिजे. वांगं किती अंशांवर भाजलं ते मात्र विचारू नये.

मध्यंतरी त्यांचा एक विद्यार्थी इचलकरंजीला नोकरीला लागला. तिथल्या रंगाच्या पाण्यानं पंचगंगेचं काय होतं ते सरांनी पेपरात वाचलं होतंच. विद्यार्थ्यानं सुट्टीला येताना कॅनभर खरं सांडपाणी आणलं. सरांनी सणासारखी तयारी केली. माय, आप्पा, वहिनी, मी, तात्या, सगळे गच्चीवर. भुकटी टाकली, अर्धा तास ताडपत्रीखाली अंधार केला, मग ऊन. दुपार टळली. पाणी होतं तसंच काळं. खळ, मीठ, गाळ, दहा जातींचे रंग. उजेड वरच्या बोटभर थरातच अडकला, खाली गेलाच नाही. मेथिलीन ब्लूच्या स्वच्छ निळ्या पाण्यात वाघ झालेली भुकटी इथं मुकाट तळाशी जाऊन बसली. तात्या म्हणाले, "सर, हे गटारीचं काम, तुमच्या पावडरीचं नाही."

मला वाटलं, सर आता दोन दिवस दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर पायरीवर सर, हातात वही. आधी पाणी निवळून घ्यायचं, मग पसरट ताटात बोटभरच खोलीनं ठेवायचं, भुकटी पाण्यात न टाकता काचेवर चिकटवायची. "आतापर्यंत मी सोप्या पेपरचा अभ्यास करत होतो," ते म्हणाले. एवढे खूश त्यांना मी नव्वद टक्के आल्यावरही पाहिलं नव्हतं. पुण्याच्या सी-मेटमध्ये डॉ. भारत काळे यांच्या गटानं तेलशुद्धीकरणातल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या घाणेरड्या वायूपासून उन्हाच्या मदतीनं हायड्रोजन काढण्याचं काम केलंय, याचा दाखला त्यांनी तिथल्या तिथं दिला. "घाणीतच काम आहे," ते म्हणाले, आणि माझ्याकडून दोन मोठी ताटं घेऊन गेले. ती ताटं वहिनींची होती, माझ्याकडे बट्टीसाठी आली होती. मी काही बोललो नाही.

आता नवा पेपर परीक्षकाकडून परत आलाय. सगळं आवडलं म्हणे, पाच फेऱ्यांचं तर कौतुक केलंय. फक्त एक शंका: रंग दिसेनासा झाला म्हणजे रंगद्रव्य संपलं असं नाही, त्याचे बिनरंगी तुकडे पाण्यातच असतील, तेव्हा पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजा. त्याला टीओसीचं यंत्र लागतं. सरांनी आतापर्यंत केलेल्या फोनांत एका ठिकाणी यंत्र बंद आहे, दुसऱ्या ठिकाणी ऑपरेटर रजेवर आहे, आणि तिसऱ्या ठिकाणी सरांचा नंबर ओळखून कोणी उचलत नाही.

म्हणून हे लिहितोय. तुमच्या ओळखीत, नात्यात, भाच्याच्या हॉस्टेलशेजारी, कुठंही टीओसीचं यंत्र चालू स्थितीत असेल, तर कृपा करून पहूरला कळवा. एकच सॅम्पल आहे. पाचही फेऱ्यांचं, आणि ब्लँक वेगळा.